रडार चिप ते एफपीजीए: कच्चा डेटा एकही बिट न सांडता कसा पकडायचा

रडारच्या डेमोमध्ये स्क्रीनवर ठिपके नाचतात, तेवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर खरंच या भानगडीत पडू नका. चिपमधला प्रोसेसरच सगळं करून देतो, यूएसबी लावा आणि मोकळे व्हा. पण समजा निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरवर रडार बसवायचंय, तर मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा इतका जोरदार सिग्नल परत पाठवतात की पानांचा आणि काड्यांचा बारीक सिग्नल चिपमधला थ्रेशोल्ड कचरा समजून फेकून देतो, आणि तुमच्या हातात येतात ते फक्त खांब. अशा वेळी एडीसीमधून (अँटेनाचा सिग्नल आकड्यांत बदलणारा भाग) निघालेला कच्चा डेटाच लागतो, सगळाच्या सगळा, आणि तो पकडायला एफपीजीए, म्हणजे जिच्या आतलं सर्किट आपण स्वतः लिहून ठरवतो अशी चिप. गोदावरीची पातळी मोजायला पुलावर रडार लावायचं म्हणणाऱ्यांचीही तीच गोष्ट, आणि फायनल इयरला "काहीतरी रडारमधलं" करायचंय म्हणणाऱ्या पोरांचीही.

आता सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. वायरी जोडणं आणि व्हेरिलॉग (एफपीजीएचं सर्किट लिहायची भाषा) लिहिणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते चिपने जे पाठवलं तेच जसंच्या तसं आपल्याकडे आलं का हे कळणं. कारण एफएफटी (सॅम्पलमधून फ्रिक्वेन्सी शोधणारं गणित) फार भोळा असतो, डेटा एक बिट सरकलेला असला, मधली पॅकेटं गळालेली असली तरी तो छान पीक दाखवतो आणि आपण खूश होऊन पुढे जातो, मग महिन्याभराने अँगल का चुकतोय म्हणून अँटेनाला शिव्या घालत बसतो. म्हणून खाली जवळजवळ प्रत्येक पायरीला तपासणी घातलीय, ती गाळू नका.

कुठली चिप, कुठला इंटरफेस

बाजारात साधारण तीन प्रकार भेटतात. पहिला एसपीआयवाला (साधा सिरियल इंटरफेस), उदाहरणार्थ इन्फिनिऑनची बीजीटी६०टीआर१३सी, ६० गिगाहर्ट्झ, एक ट्रान्समिट आणि तीन रिसीव्ह अँटेना, आतच १२ बिटचा एडीसी आणि फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर काढणारी रांगेची मेमरी), आणि एसपीआय ५० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. शिकायला ही बेस्ट, कारण कुठल्याही स्वस्त एफपीजीए बोर्डवर जमते, फक्त आयओ १.८ व्होल्टचे आहेत हे विसरून ३.३ चं बोर्ड डायरेक्ट लावू नका, लेव्हल शिफ्टर पाहिजे. फिफोचं गणित मात्र आधी करा. त्यात २४ बिटचे ८१९२ शब्द मावतात, एका शब्दात दोन सॅम्पल, म्हणजे १६,३८४ सॅम्पल. चर्प म्हणजे फ्रिक्वेन्सी चढवत नेणारी रडारची एक लहर, आणि अशा चर्पांचा गट म्हणजे फ्रेम. तुम्ही तीन रिसीव्हर, चर्पला १२८ सॅम्पल आणि ६४ चर्प ठेवले तर एका फ्रेमचे २४,५७६ होतात, म्हणजे फ्रेम संपायची वाट बघत बसलात तर फिफो आधीच भरून वाहतो. थ्रेशोल्ड निम्म्याच्या आसपास ठेवा, इंटरप्ट आला की एफपीजीएने लगेच उपसायला सुरुवात करायची.

दुसरा प्रकार एलव्हीडीएसचा (तारांच्या जोड्यांवरून वेगात डेटा, एक जोडी म्हणजे एक लेन), टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या चिप्स. एडब्ल्यूआर१२४३ मध्ये चार डेटा लेन येतात, १६४२ आणि १८४३ मध्ये दोन. डेटा लेनशिवाय एक बिट क्लॉक आणि एक फ्रेम क्लॉक (नावात फ्रेम असली तरी तो दर सॅम्पलची हद्द दाखवतो). हा लेख मुख्यतः याच्यावर आहे.

तिसरा सीएसआय-२, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यावाला. एडब्ल्यूआर२२४३ सारख्या चिपवर तो मिळतो. माझं स्पष्ट मत, पहिल्या प्रोजेक्टला याच्या वाटेला जाऊ नका. याचा डी-फाय (तारेवर सिग्नल पाठवणारा भाग) एकाच तारेवर कधी १.२ व्होल्टचे संथ सिग्नल तर कधी जेमतेम २०० मिलीव्होल्टचे वेगवान सिग्नल पाठवतो, आणि झायलिंक्सच्या ७ सिरीज एफपीजीएमध्ये त्याच्यासाठी थेट सोय नाहीये, रेझिस्टरचं जाळं किंवा वेगळी कन्व्हर्टर चिप लावावी लागते. अल्ट्रास्केल प्लस असेल तर गोष्ट वेगळी, त्यात डी-फाय थेट जमतो.

१६४२ घ्यायचं अजून एक कारण म्हणजे तिच्यात स्वतःचा प्रोसेसर आहे, सिरियल पोर्टवरून साध्या टेक्स्ट कमांड दिल्या की ती कॉन्फिगर होते आणि कॉन्फिगमधल्या एलव्हीडीएस स्ट्रीमच्या ओळीत एडीसी डेटा निवडला की लेनवर कच्चा डेटा वाहायला लागतो. १२४३ ला बाहेरून कोणीतरी एसपीआयवर सगळं सांगायला लागतं, म्हणजे दुप्पट काम.

टीआयचं स्वतःचं डीसीए१००० नावाचं कॅप्चर कार्ड आहे, त्याच्यातही एफपीजीएच बसलाय, लॅटिसचा ईसीपी५. कॉलेजात किंवा ओळखीत कोणाकडे असेल तर थोडे दिवस मागून आणा. आपला एफपीजीए बरोबर चाललाय का हे बघायला तीच चिप, तेच कॉन्फिग, तेच टार्गेट ठेवून या कार्डची फाइल समोर ठेवण्यासारखं दुसरं सुख नाही.

आधी वहीत हिशोब, मग बोर्ड

बोर्ड विकत घेतल्यावर हिशोब करणारे खूप भेटतात, तुम्ही उलट करा. एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. १६४२, चारही रिसीव्हर चालू, चर्पला २५६ सॅम्पल, कॉम्प्लेक्स डेटा, म्हणजे आयचे १६ बिट आणि क्यूचे १६ बिट (एकाच सिग्नलचे ९० अंशांनी सरकलेले दोन भाग), एका सॅम्पलला ४ बाइट. फ्रेममध्ये १२८ चर्प, फ्रेम दर ४० मिलिसेकंदांनी, एक चर्प मागच्या-पुढच्या रिकाम्या वेळेसकट ६० मायक्रोसेकंद.

एका चर्पचे २५६ × ४ × ४ = ४०९६ बाइट. फ्रेमचे त्याच्या १२८ पट, ५,२४,२८८ बाइट, म्हणजे बरोबर ५१२ केबी. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १,३१,०७,२०० बाइट, बिटांत साधारण १०५ एमबीपीएस. ही झाली सरासरी. पण चर्प चालू असताना ४०९६ बाइट ६० मायक्रोसेकंदात येतात, तो वेग पडतो ५४६ एमबीपीएस! फ्रेममधले पहिले ७.६८ मिलिसेकंद पूर येतो आणि बाकीचे ३२ मिलिसेकंद कोरडे. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा कारण लेन आणि फिफो ठरतात पुराच्या आकड्यावर आणि इथरनेट ठरतं सरासरीवर.

लेनचं बघू. ६०० एमबीपीएसच्या दोन लेन म्हणजे १२०० एमबीपीएस, ४०९६ बाइट जायला २७ मायक्रोसेकंद लागतात आणि आपल्याकडे ६० आहेत, म्हणजे आरामात. आता मेमरी. आर्टिक्स-७ च्या ३५टी मध्ये ब्लॉक रॅम (एफपीजीएच्या आतली मेमरी) १८०० किलोबिट, म्हणजे २२५ केबी, आपली एक फ्रेम ५१२ केबी. मावत नाही, म्हणजे बोर्डवर डीडीआर३ (एफपीजीएबाहेरची मोठी मेमरी) पाहिजेच. आणि इथरनेट? विद्यार्थ्यांचं लाडकं आर्टी ए७ बोर्ड घ्या, डीडीआर३ आहे, सगळं आहे, पण इथरनेट १०/१००. सरासरी १०५ आणि पाइप १०० चा. पाच एमबीपीएससाठी सगळं मुसळ केरात. एकतर फ्रेमचा वेळ ४० वरून ५० मिलिसेकंद करा, मग ८४ एमबीपीएसवर येतं, नाहीतर गिगाबिटवालं बोर्ड घ्या. झेडबोर्ड किंवा नेक्सिस व्हिडिओ यांच्यावर गिगाबिट पण आहे आणि एफएमसी (वेगवान सिग्नलसाठीचा) कनेक्टर पण, तो एफएमसी पुढे कामाला येतो. तिन्ही बोर्डांना विवाडोची (झायलिंक्सचं एफपीजीए सॉफ्टवेअर) फुकट आवृत्ती चालते.

चार लेन ६०० ने भरून वाहायला लागल्या तर २.४ गिगाबिट होतात, तिथे एका गिगाबिट इथरनेटने सलग घेणं शक्यच नाही, तेव्हा काही फ्रेम डीडीआरमध्ये साठवायच्या आणि सावकाश बाहेर काढायच्या.

व्होल्टेज, टर्मिनेशन आणि वायरी

एलव्हीडीएस म्हणजे दोन तारांमधला साधारण ३५० मिलीव्होल्टचा फरक, १.२ व्होल्टच्या आसपास तरंगणारा, आणि रिसीव्हरपाशी १०० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल टोकाला आपटून परत फिरू नये म्हणून). हे १०० ओहम एफपीजीएच्या आतच चालू करता येतात पण ७ सिरीजच्या एचआर बँकेत (बँक म्हणजे एकाच व्होल्टेजवरच्या पिनांचा गट) त्यासाठी बँकेचं व्होल्टेज २.५ पाहिजे. झेडबोर्डवर एफएमसीचं व्होल्टेज जंपरने ठरतं, बोर्ड खोक्यातून काढल्यावर तो १.८ वर असतो, २.५ वर न्या. आर्टीसारख्या बोर्डवर पीमॉडच्या (छोट्या एक्स्टेन्शन कनेक्टरच्या) बँका ३.३ च्या असतात, तिथे आतलं टर्मिनेशन चालत नाही, एलव्हीडीएस रिसीव्ह करता येतं पण १०० ओहमचा रेझिस्टर बाहेरून, तोही पिनच्या शक्य तितका जवळ लावावा लागतो. चार जोड्यांना हाताने हे करत बसण्यापेक्षा एफएमसी बरा.

जंपर वायरींचा विचार मनातून काढून टाका. ६०० एमबीपीएसला एक बिट १६६७ पिकोसेकंदाचा. टीआयच्या बोर्डवर ६० पिनांचा सॅमटेकचा हाय डेन्सिटी कनेक्टर असतो, त्याच्यापासून एफएमसीपर्यंत जाणारा छोटा अडॅप्टर पीसीबी बनवा, चार लेयरचा, १०० ओहम डिफरन्शियल इम्पिडन्स सांगून. डेटाशीटमधून पिनआउट स्वतः उतरवा, कोणाच्या तरी फाइलमधून नाही, आणि समोरून बसणारा कनेक्टर आरशासारखा उलटा होतो, तेव्हा पिन १ कुठे जाते ते कागदावर कापून लावून बघा. नाशिकच्या अंबड-सातपूरला इंडस्ट्रियल बोर्डची असेंब्ली करणारे आहेत पण इतक्या बारीक पिचचा कनेक्टर बसवून देणार का हे फाइल पाठवायच्या आधी विचारून घ्या.

लांबी जुळवण्यावरून लोक फार डोकं खपवतात. एफआर-४ वर दर मिलिमीटरला ६-७ पिकोसेकंद जातात, दोन लेनमध्ये १० मिलिमीटरचा फरक राहिला तरी ६०-७० पिकोसेकंदच होतात आणि तेवढं एफपीजीएमधला डिले सहज भरून काढतो. खरी काळजी घ्या ती एका जोडीतल्या दोन तारा सारख्या लांबीच्या ठेवण्याची आणि खालचा ग्राउंड न तुटण्याची. राउटिंग सोपं व्हावं म्हणून एखाद्या जोडीचे पी आणि एन उलटे केलेत तर हरकत नाही, व्हेरिलॉगमध्ये बिट उलटे करता येतात, फक्त कुठे केलंय ते लिहून ठेवा.

अजून एक, आणि हे पीसीबी बनवायच्या आधीच बघायचं: बिट क्लॉक क्लॉक-केपेबल पिनवरच आला पाहिजे आणि सगळ्या डेटा लेन व फ्रेम क्लॉक त्याच बँकेत. एफएमसीचे पिन बऱ्याच बोर्डांवर दोन बँकांत वाटलेले असतात, आणि आपण जो बफ-आयओ (क्लॉक वाटणारा बफर) वापरणार तो स्वतःच्या बँकेबाहेर जात नाही. हे चुकलं तर पीसीबी परत बनवण्याशिवाय इलाज नाही.

चिपच्या बूट मोडच्या एसओपी पिनांकडे पण लक्ष द्या. २-१-० या क्रमाने ००१ म्हणजे फ्लॅशमधून चालणं, १०१ म्हणजे फ्लॅश लिहिणं, ०११ म्हणजे डीबग. चिप मुकी बसलीय असं वाटतं तेव्हा पहिले हे जंपर बघा.

एफपीजीएचं तोंड

आता विवाडोमध्ये. प्रत्येक डेटा जोडीसाठी साखळी अशी: डिफरन्शियल इनपुट बफर, मग आयडिले (सिग्नल किंचित उशिरा सोडणारा), मग आयसर्डेस (एकामागून एक येणारे बिट गोळा करून एकदम देणारा). बिट क्लॉक बफरमधून निघून दोन वाटांनी जातो, एक बफ-आयओ जो आयसर्डेसला वेगवान क्लॉक देतो, दुसरा बफ-आर जो त्याला ४ ने भागून संथ क्लॉक देतो. बिट क्लॉक ३०० मेगाहर्ट्झचा, दोन्ही काठांवर डेटा, आयसर्डेस ८ चा ठेवला की संथ बाजूला ७५ मेगाहर्ट्झला ८-८ बिट मिळतात. १६ बिटचं सॅम्पल दोन घासांत येतं. फ्रेम क्लॉकसुद्धा डेटा लेनसारखाच आयसर्डेसमधून घ्यायचा, क्लॉक म्हणून वापरायचा नाही, हे नवीन माणसाला पटकन पचत नाही पण पुढे त्यातच सगळी मजा आहे.

आयडिले वापरलाय म्हणजे आयडिले-कंट्रोल ब्लॉक पाहिजे आणि त्याला २०० मेगाहर्ट्झचा स्वच्छ रेफरन्स क्लॉक. मग एक टॅप (उशिराची एक पायरी) ७८ पिकोसेकंदाचा होतो, एकूण ३२ टॅप, म्हणजे शेवटच्या टॅपवर साधारण २४०० पिकोसेकंद. एका बिटापेक्षा जास्त, म्हणजे कुठेतरी चांगली जागा सापडणारच.

बिट क्लॉकवर एमएमसीएम (एका क्लॉकवरून दुसरे क्लॉक बनवणारा ब्लॉक) टाकायचा मोह आवरा. चिप रिसेट झाली किंवा कॉन्फिग बदललं की क्लॉक गायब होतो, एमएमसीएमचा लॉक सुटतो आणि मग परत रिसेटचा सगळा तमाशा. बफ-आयओ आणि बफ-आरला लॉक वगैरे काही नसतं, क्लॉक आला की चालू, तरी क्लॉक परत आल्यावर आयसर्डेसना रिसेट द्यायचा आणि तो संथ क्लॉकशी सिंक करून सगळ्या लेनचा एकदमच सोडायचा, नाहीतर एक लेन दुसरीच्या एक घास मागे राहते.

कन्स्ट्रेंट फाइलमध्ये (पिन आणि टायमिंगच्या अटींची फाइल) बिट क्लॉकला ३.३३३ नॅनोसेकंदाचा क्लॉक सांगा, आणि संथ क्लॉक व सिस्टिम क्लॉक एकमेकांशी असिंक्रोनस आहेत हेही सांगा. टायमिंग रिपोर्ट लाल असताना बोर्डवर टाकून "बघू तरी" करणं हा टाइमपास आहे.

डोळा शोधणं आणि शब्द जुळवणं

इथे वेळ द्या, जमल्यास निम्मा वेळ इथेच द्या.

पहिलं काम टॅप शोधणं. फ्रेम क्लॉकचा टॅप ० ठेवा, संथ क्लॉकचे काही लाख घास बघा, पॅटर्न एकदाही न हलता तोच आला का, आला तर बरोबर नाहीतर चूक असा एक बिट नोंदवा, मग टॅप १, असं ३१ पर्यंत. एक बिट १६६७ पिकोसेकंदाचा म्हणजे साधारण २१ टॅपचा, त्यामुळे ३२ टॅपमध्ये तुम्हाला एक किंवा दोन ठिकाणी खराब पट्टा दिसणार आणि मध्ये चांगला सलग पट्टा. त्या चांगल्या पट्ट्याच्या, म्हणजेच डोळ्याच्या, मधोमध टॅप ठेवायचा. चांगला पट्टा ५-६ टॅपचाच दिसला तर टॅप निवडून पुढे पळू नका, टर्मिनेशन किंवा पीसीबी बघा, काहीतरी गडबड आहे. आणि सगळे ३२ टॅप अगदी सारखेच दिसले तर बहुतेक आयडिले-कंट्रोलला २०० मेगाहर्ट्झ मिळतच नाहीये.

दुसरं काम शब्दाची हद्द. फ्रेम क्लॉकचा एक फेरा म्हणजे एक सॅम्पल, १६ बिटला ८ बिट वर आणि ८ बिट खाली. म्हणजे ८ चा आयसर्डेस बरोबर जुळला असेल तर एका घासात सगळे १ आणि पुढच्यात सगळे ०, हेक्समध्ये एफएफ, ००, एफएफ, ००. जुळला नसेल तर सात १ आणि एक ०, असलं काहीतरी. मग बिटस्लिप (शब्दाची हद्द सरकवायची आयसर्डेसमधली सोय) देत देत एफएफ-०० वर आणायचं. बिटस्लिपची एक खोड आहे, डीडीआर मोडमध्ये (इथे मेमरी नाही, क्लॉकच्या दोन्ही काठांवर डेटा) तो दर वेळी एकाच बाजूला एक-एक सरकत नाही, एकदा उजवीकडे एक आणि पुढच्या वेळी डावीकडे तीन असा जातो, आणि परिणाम दिसायला काही संथ क्लॉक जातात. दर स्लिपनंतर चार-पाच क्लॉक थांबा मग तपासा. मला स्वतःला आयसर्डेसचा बिटस्लिप आवडतच नाही, शेवटच्या दोन घासांचे १६ बिट धरून त्यातून हवे ते ८ उचलणारा साधा शिफ्टर फॅब्रिकमध्ये (एफपीजीएच्या साध्या लॉजिकमध्ये) लिहिला की सिम्युलेशनमध्ये पण कळतो आणि आयएलएवर (चालू एफपीजीएच्या आतले सिग्नल दाखवणारं साधन) पण.

फ्रेम क्लॉक जुळला म्हणजे डेटा लेन जुळल्या असं मात्र नाही. प्रत्येक लेनचा टॅप वेगळा निघू शकतो. आणि खरा रडार डेटा बघून टॅप ठरवता येत नाही, कारण त्यात काय यायला पाहिजे हेच आपल्याला माहीत नसतं. गोदेला पूर आला की नाशकात पाणी किती फूट आलं हे कोणी विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे विचारतात, कारण ती खूण सगळ्यांना माहीत असते. डेटालाही अशीच आधीपासून माहीत असलेली खूण पाहिजे, ती म्हणजे टेस्ट पॅटर्न. टीआयच्या १२४३ वगैरे चिप्समध्ये प्रत्येक रिसीव्हरच्या आय आणि क्यूला सुरुवातीचा आकडा आणि दर सॅम्पलला किती वाढवायचा हे सांगता येतं. रिसीव्हर ० ला १०० पासून, रिसीव्हर १ ला २१०० पासून असे लांब लांब आकडे द्या म्हणजे कोण कुठे आलं ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. एफपीजीएमध्ये तुलना करणारा छोटा ब्लॉक ठेवा, चुकीचं सॅम्पल आलं की काउंटर एकने वाढवा, आणि रात्रभर चालू ठेवून झोपा. सकाळी काउंटर शून्य पाहिजे, शून्यच, "फक्त तीन" चालत नाहीत. रात्री लाइट गेली तर काउंटरही गेला, म्हणून बोर्ड यूपीएसवर.

एवढा आटापिटा का ते सांगतो. समजा शब्द एक बिट डावीकडे सरकलाय. सॅम्पलचा सगळ्यात मोठा बिट गेला आणि शेजारच्या सॅम्पलचा एक बिट शेपटीला आला. सिग्नल छोटा असेल तर वरचे बिट नुसते साइनचे असतात, एक गेला तरी फरक पडत नाही, आकडा दुप्पट होतो आणि शेपटीत थोडा नॉइज. एफएफटी काढा, पीक अगदी बरोबर जागी! जवळ मोठं टार्गेट आलं की मगच सॅम्पल उलटे पडायला लागतात आणि स्पेक्ट्रममध्ये भुतं दिसतात, तोपर्यंत सगळं बरोबरच वाटत राहतं.

फिफो, डीडीआर आणि यूडीपी

७५ मेगाहर्ट्झच्या बाजूने असिंक्रोनस फिफोमध्ये लिहायचं आणि सिस्टिम क्लॉकने वाचायचं. फिफो स्वतः लिहू नका, विवाडोचा तयार घ्या. ओव्हरफ्लोचा बिट मात्र चिकट ठेवा, म्हणजे एकदा १ झाला की रिसेट करेपर्यंत १ च. रिकाम्या वेळेत आपोआप ० होणारा ओव्हरफ्लो बिट कधीच कोणाला दिसत नाही.

मग डीडीआर३. त्याचा कंट्रोलर मधूनच रिफ्रेशसाठी थांबतो, म्हणून समोरचा फिफो निदान दोन चर्पांचा, आपल्या हिशोबाने ८ केबी ठेवा. फ्रेम लिहायला आणि वाचायला दोन वेगळे बफर, पिंग-पाँग. दर फ्रेमच्या सुरुवातीला स्वतःचं छोटं हेडर चिकटवा: ओळखीचा ठरलेला शब्द, फ्रेम नंबर, टाइमस्टॅम्प, ओव्हरफ्लोचा बिट, लेन जुळल्यात का त्याचे बिट. पुढे कधी फाइल उघडली तर हेच वाचवतं.

इथरनेटला यूडीपी (पोहोचल्याची पावती न मागता पॅकेटं सोडणारा साधा प्रोटोकॉल). टीसीपी एफपीजीएमध्ये लिहायचा हट्ट करू नका. डीसीए१००० ची पॅकेट रचना उचलली तरी चालते, ४ बाइटचा पॅकेट नंबर, ६ बाइटमध्ये आतापर्यंतचे एकूण बाइट, मग जास्तीत जास्त १४५६ बाइट डेटा. ही रचना ठेवली की त्या कार्डसाठी लोकांनी लिहिलेला पायथन कोड तुमच्या बोर्डलाही थोड्या फरकाने चालतो. सगळी हेडरं आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा धरली तर १४५६ बाइटसाठी तारेवर १५३२ बाइटांचा वेळ जातो, म्हणजे गिगाबिटमध्ये खरा डेटा जास्तीत जास्त ९५० एमबीपीएस. आपल्याला १०५ पाहिजेत. पण एफपीजीएने फ्रेम तयार झाल्याबरोबर सगळी पॅकेटं पाठीला पाठ लावून सोडली तर लॅपटॉप गुदमरतो, म्हणून दोन पॅकेटांमध्ये मुद्दाम थोडा वेळ सोडा. आपल्या फ्रेमची ३६१ पॅकेटं होतात, ४० मिलिसेकंदात वाटली तर एकेकाला ११० मायक्रोसेकंद मिळतात, घाई कशाला.

लॅपटॉपकडे

इथे फार बोलण्यासारखं नाही पण डेटा सगळ्यात जास्त इथेच गळतो. स्टॅटिक आयपी द्या, वायफाय बंद करा, लिनक्स असेल तर सॉकेटचा रिसीव्ह बफर वाढवा आणि कर्नलची त्याची कमाल मर्यादा पण वाढवा, नुसतं प्रोग्राममध्ये मागून मिळत नाही. विंडोजवर फायरवॉल पॅकेटं गुपचूप खातो, वायरशार्कमध्ये दिसतात पण प्रोग्रामला मिळत नाहीत असं झालं की तोच. नेटवर्क कार्डचं पॉवर सेव्हिंग बंद. पायथनमध्ये पॅकेट घेणारा थ्रेड फक्त घेईल आणि फाइलमध्ये टाकेल, त्याच थ्रेडमध्ये प्लॉट काढायचा नाही.

पॅकेट हरवलंच तर? बाकीचं जोडून पुढे जायचं नाही. एकूण बाइटांचा आकडा बघून तेवढी जागा शून्याने भरायची. हे का ते आपल्याच उदाहरणात बघा. एका रिसीव्हरचे चर्पमागे १०२४ बाइट. १४५६ बाइट गळाले आणि तुम्ही फाइल तशीच जोडली तर पुढचं सगळं एक रिसीव्हर आणि वर १०८ सॅम्पल सरकतं. १४५६ ला ८ ने भाग जातो म्हणून आय-क्यूची जोडी तुटत नाही, रेंजचा पीकसुद्धा जागेवरच दिसतो, कारण शेजारच्या रिसीव्हरमध्येही तीच फ्रिक्वेन्सी आहे. पण कुठला अँटेना कुठला हे गेलं, फेज गेली, अँगल गेला.

फाइल वाचताना क्रमही लक्षात ठेवा. १६४२ आणि १८४३ च्या कॉम्प्लेक्स डेटामध्ये, डीसीए१००० च्या फाइलीत, आधी दोन आय मग दोन क्यू असा क्रम येतो, आणि रिसीव्हर ० चे सगळे सॅम्पल संपल्यावर रिसीव्हर १ चे. चार लेनवाल्या चिपचा क्रम वेगळा, तिथे चारही रिसीव्हर शेजारी शेजारी येतात. तुमच्या एफपीजीएमध्ये तुम्ही लेन ज्या क्रमाने जोडाल तसा क्रम होणार, तो मुद्दाम डीसीए१००० सारखाच ठेवा.

आता खरं टार्गेट

टेस्ट पॅटर्न स्वच्छ आला की मगच अँटेना चालू करायचा. टार्गेट म्हणून कॉर्नर रिफ्लेक्टर, एकमेकांना काटकोनात तीन त्रिकोणी पत्रे. जुन्या नाशकात तांब्या-पितळेची कामं करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून तांब्याच्या पत्र्याचा करून घ्या किंवा कॉपर क्लॅड बोर्ड कापून डाग द्या. काटकोनाच्या कडा १० सेंटिमीटरच्या धरल्या तर ७७ गिगाहर्ट्झला त्याचा रडार क्रॉस सेक्शन (रडारला तो केवढा दिसतो ते माप) साधारण २७ चौरस मीटर येतो, एवढ्याशा पत्र्याचा! म्हणून तो खोलीतल्या बाकी पसाऱ्यातून वर उठून दिसतो. काटकोन मात्र गुण्याने तपासा.

स्लोप (चर्पची फ्रिक्वेन्सी चढण्याचा वेग) ३० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद, सॅम्पलिंग सेकंदाला ६२.५ लाख ठेवा. २५६ सॅम्पलला ४१ मायक्रोसेकंद, तेवढ्यात बँडविड्थ १२२९ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेंज रिझोल्यूशन १२.२ सेंटिमीटर. रिफ्लेक्टर टेपने मोजून १० मीटरवर ठेवा. बीट फ्रिक्वेन्सी (पाठवलेल्या आणि परत आलेल्या सिग्नलमधला फरक) २ मेगाहर्ट्झ यायला पाहिजे, २५६ च्या एफएफटीत बिन (खाना) ८२. एखाद-दोन बिन पुढे-मागे चालतं. १७४ ला आला तर आय आणि क्यूची अदलाबदल झालीय, २५६ मधून ८२ वजा करून बघा. बिन बरोबर पण पीकच्या दोन्ही बाजूला रुंद पाय पसरलेत तर चर्पच्या मध्ये सॅम्पल गळतायत किंवा दोन लेन एकमेकींच्या मागे-पुढे आहेत.

मग रिफ्लेक्टर तेवढ्याच अंतरावर ठेवून बाजूला सरकवा, समोरून ३० अंशांपर्यंत. शेजारच्या रिसीव्हर अँटेनांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचं अंतर आहे, म्हणून समोर असतानाच्या मानाने शेजारच्या दोन रिसीव्हरमधली फेज ९० अंशांनी बदलली पाहिजे, ० आणि १ मध्ये, १ आणि २ मध्ये, २ आणि ३ मध्ये, तिन्हीकडे एकाच दिशेने. ही तपासणी पॅकेट गळती, रिसीव्हरची अदलाबदल, लेनचा क्रम, सगळ्या लपलेल्या गोष्टी एकदम उघड्या पाडते, आणि जवळजवळ कोणीच करत नाही. पंधरा मिनिटं लागतात.

हे जमलं की बागेत न्या. बाहेर नेण्याआधी त्या बँडसाठी डब्ल्यूपीसीचे (केंद्र सरकारचा वायरलेस परवान्यांचा विभाग) नियम काय आहेत ते वाचून घ्या. बागेत पहिल्यांदा पानं नसलेल्या ओळीचा डेटा घ्या, नुसते अँगल आणि तारा, कारण नंतर वजा करायला तोच लागतो. ऑक्टोबर छाटणी झाल्याबरोबरचे दिवस त्यासाठी चांगले, एकदा फूट आली की तशी रिकामी ओळ मिळत नाही. आणि प्रत्येक फाइलशेजारी चिपचं कॉन्फिग, एफपीजीएच्या बिटफाइलचा नंबर आणि त्या दिवशीचे टॅप ठेवा, त्याच नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये.